मलवाहिनी योजना आणि लोकसंपर्क

शहरातील घरे, दुकाने व संस्था यांतून बाहेर पडणारा मैला आणि सांडपाणी यांना एकत्रितपणे वाहितमल म्हणतात. हा वाहितमल जमिनीखालील नळांच्या जाळ्यातून गोळा करून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेस मलवाहिनी योजना किंवा रूढ भाषेत भुयारी गटार योजना अशी संज्ञा आहे. योजनेची आखणी, रस्त्यांचे खोदकाम, घरोघरच्या जोडण्या व त्यानंतरचा वापर या सर्व अवस्थांत बांधकाम करणारी यंत्रणा आणि त्या रस्त्यांवर राहणारे नागरिक यांच्यात राखावयाचा दुतर्फा संवाद म्हणजे या संदर्भातील लोकसंपर्क होय. पत्रके, फलक व वृत्तपत्रांतील निवेदने हे त्याचे एक अंग असले, तरी निव्वळ प्रसिद्धीला लोकसंपर्क म्हणता येत नाही. ज्या संवादामुळे नळाची जागा, कामाची वेळ किंवा खर्चाची वाटणी यांत काहीच बदल होऊ शकत नाही, तो संवाद नागरिकांच्या दृष्टीने निरर्थक ठरतो.

पाणीपुरवठ्याच्या योजनेस लोकांचा पाठिंबा सहसा आपोआप मिळतो, कारण तिचा लाभ घरातील तोटीतून प्रत्यक्ष दिसतो. मलवाहिनीचे तसे नाही. तिचा लाभ डोळ्यांआड राहतो आणि त्याचा मोठा वाटा ओढ्याच्या वा नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या इतर लोकांच्या पदरात पडतो. त्रास मात्र आजचा आणि आपल्या दारातला असतो. शिवाय पूल किंवा धरण बांधून झाले की ते पुरे झाले असे म्हणता येते, मलवाहिनीबाबत ते म्हणता येत नाही. घरमालकाने आपल्या शौचालयाचा व मोरीचा नळ रस्त्यातील वाहिनीला जोडल्याखेरीज ती कोरडीच राहते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील नागरी कुटुंबांपैकी फक्त ३२·७ टक्के कुटुंबांची शौचालये नळाच्या मलवाहिनीस जोडलेली होती. ३८·२ टक्के कुटुंबे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. सेप्टिक टाकी असलेल्या घरमालकास नवी जोडणी ही अनावश्यक खर्चाची बाब वाटते, आणि त्याच्या बाजूने पाहता ते अगदीच गैरवाजवी नाही. या शंकेचे निरसन करणे हे लोकसंपर्काचे सर्वांत अवघड काम होय.

इतिहास : महाराष्ट्रात या विषयाचा प्रारंभ मुंबईपासून होतो. हेन्री कॉनिबेअर यांनी १८५२ मध्ये शहराच्या आरोग्यविषयक गरजांवर अहवाल लिहिला. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले आणि त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न अधिकच तीव्र झाला. आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त असताना (१८६५–७१) रसेल एटकेन व कॅप्टन हेक्टर टुलॉक या अभियंत्यांनी जलनिःसारणाच्या योजना तयार केल्या. वाहितमल कोठे सोडावा यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालले, पण ज्यांच्या गल्ल्यांतून नळ जाणार होते आणि ज्यांच्या करातून खर्च भागणार होता, त्यांना विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत बाजारपेठा, रस्ते व स्वच्छता यांवर झालेल्या प्रचंड खर्चामुळे १८७१ मध्ये करदात्यांची मोठी चळवळ उभी राहिली आणि १८७२ च्या कायद्याने नगरपालिकेतील निम्म्या जागा करदात्यांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. भारतातील नागरी स्वराज्याच्या इतिहासात या चळवळीला महत्त्वाचे स्थान आहे. शहराच्या आरोग्यासाठी आवश्यक असलेली कामेही विचारपूस न करता लादली गेली की लोक त्यांच्या विरोधात जातात, हेही तिच्यातून दिसून आले.

लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यातील असह्य दुर्गंधीनंतर जोसेफ बॅझलगेट यांनी सु. १३० किमी. लांबीच्या मुख्य मलवाहिन्या बांधल्या. त्याच शहरात २०१६ मध्ये खोदकाम सुरू होऊन २०२५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झालेल्या टेम्स नदीखालील २५ किमी. लांबीच्या बोगद्यासाठी मात्र चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा, प्रत्येक कामाच्या जागेसाठी रहिवाशांच्या नियमित बैठका आणि नुकसानभरपाईचे दावे तपासण्यासाठी स्वतंत्र समिती अशी यंत्रणा उभारावी लागली. दीडशे वर्षांत अभियांत्रिकी जितकी बदलली, त्यापेक्षा नागरिकाचे स्थान अधिक बदलले असे म्हणावयास हरकत नाही.

दक्षिण आशियाच्या दृष्टीने कराचीतील ओरंगी या वसाहतीचा प्रयोग अधिक उद्‌बोधक आहे. अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये तेथे काम सुरू केले. सु. वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हा संघटनेचा घटक मानण्यात आला. गल्लीने आपल्यातून एक प्रमुख निवडावयाचा, पैसे गोळा करावयाचे आणि संस्थेने दिलेल्या नकाशाप्रमाणे स्वतः नळ टाकावयाचे. घरातील शौचालय व गल्लीतील वाहिनी लोकांनी बांधावयाची आणि मोठी वाहिनी व शुद्धीकरण केंद्र शासनाने, अशी विभागणी होती. ठेकेदाराचा नफा व कार्यालयीन खर्च वगळल्यामुळे काम पुष्कळच स्वस्त झाले. ही पद्धत जशीच्या तशी सर्वत्र लागू करता येत नाही, कारण मुख्य वाहिनी वेळेवर आली नाही तर गल्लीतील मैला जवळच्या नाल्यातच जातो. तथापि संपर्काचे एकक प्रभाग नसून गल्ली असावे, हा तिचा मुद्दा आजही टिकून आहे.

मुंबई व पुणे येथील अनुभव : जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९५ पासून राबविण्यात आलेल्या मुंबई मलनिःसारण प्रकल्पात वरळी व वांद्रे येथून समुद्राखाली प्रत्येकी तीन किमी.हून अधिक लांबीचे निर्गममार्ग बांधण्यात आले. अशा महाकाय कामाचा झोपडपट्टीतील माणसाशी काय संबंध, हा प्रश्न स्वाभाविक होता. कारण मलवाहिनीच मुळी त्याच्या वस्तीपर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून प्रकल्पातच झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमाचा अंतर्भाव करण्यात आला. यापूर्वी महापालिका शौचालये बांधत असे व देखभालीअभावी ती थोड्याच काळात निकामी होत. नव्या कार्यक्रमात क्रम उलटा करण्यात आला. आधी वस्तीने संस्था स्थापन करून तिची नोंदणी करावयाची, प्रत्येक प्रौढामागे १०० रु. (एका कुटुंबास जास्तीत जास्त ५०० रु.) वर्गणी बँकेत भरावयाची, जागेवर एकमत करावयाचे, त्यानंतरच बांधकाम होई. वीज, पाणी, सफाई व रखवालदार यांचा खर्च संस्थेने मासिक पासाच्या उत्पन्नातून चालवावयाचा होता.

घरोघरी जाऊन हे समजावून सांगण्याचे काम सेवाभावी संस्थांनी केले. त्यांत ‘स्पार्क’ ही संस्था आणि तिच्याशी संलग्न असलेले ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ व ‘महिला मिलन’ यांचा वाटा मोठा होता. वस्तीतील स्त्रियांनीच घरांची मोजदाद करावी, रांगा किती लागतात ते लिहून ठेवावे, मुलांसाठी वेगळी कमी उंचीची बैठक असावी की नाही ते ठरवावे, असा परिपाठ त्यांनी पाडला. नव्या शौचालयाच्या उद्‌घाटनास ‘संडास मेळा’ भरविण्यात येई आणि ज्या विषयावर चारचौघांत बोलणे अशिष्ट मानले जाते, त्यावर अधिकाऱ्यांसमक्ष मोकळी चर्चा होई. २००५ च्या मध्यापर्यंत ३२८ शौचालय-संकुले व त्यांत ५,१०० हून अधिक बैठका बांधून झाल्या होत्या.

या कार्यक्रमातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कित्येक ठिकाणी मलवाहिनी दूर असल्याने संकुले सेप्टिक टाक्यांनाच जोडावी लागली. काही वस्त्यांत संस्था मोजक्या वजनदार मंडळींच्या हाती गेली आणि सभासदांचे शौचालय पैसे मोजून वापरावयाचे सार्वजनिक शौचालय होऊन बसले. एकरकमी वर्गणी ज्यांना झेपली नाही ते भाडेकरू व अतिगरीब बाहेर राहिले. लोकसहभागाच्या नावाने गोळा केलेली रक्कम सहभागाचा पुरावा मानण्याची चूक पुढील अनेक योजनांनी केली, तिचे मूळ येथे दिसते. पुण्यात १९९९ पासून आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या पुढाकाराने झालेल्या कामात अशी वर्गणी नव्हती. तेथे संबंधित अधिकारी, अभियंते व संस्था यांची दर आठवड्यास बैठक होई आणि अडलेले काम तेथल्या तेथे मार्गी लावले जाई. अल्पावधीत चारशेच्या वर संकुले व सु. दहा हजार बैठका उभ्या राहिल्या. वेगाचे श्रेय निधीइतकेच या साप्ताहिक बैठकीला द्यावे लागेल.

धाराशिव येथील परिस्थिती : धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद, २०२३ मध्ये नामांतर) हे बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले, २०११ मध्ये सु. १·१२ लाख लोकवस्ती असलेले जिल्ह्याचे ठिकाण आहे. अलीकडील वर्षांत या शहरातही भुयारी गटारांसाठी रस्ते खोदण्यात आले. अशा मध्यम आकाराच्या शहरात लोकसंपर्काचे प्रश्न महानगरांहून काहीसे वेगळे असतात.

पहिला प्रश्न जमिनीचा. मलवाहिनी उतारावर चालते, त्यामुळे ती जसजशी पुढे जाते तसतशी खोल होत जाते. दख्खनच्या पठारावर थोड्या मुरमाखाली काळा पाषाण लागतो आणि तो यंत्राने फोडावा लागतो. सखल भागात काळी माती असते, ती पाण्याने फुगते व वाळली की भेगाळते. खोदलेला चर थराथराने पाणी मारून व धुमस करून न बुजविल्यास पहिल्याच पावसात रस्ता खचतो. रहिवाशांना ‘रस्ता लवकर पूर्ववत करू’ एवढेच सांगितले जाते. चर एक पावसाळा बसू दिल्याशिवाय डांबरीकरण टिकत नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती आधी सांगितली तर राग कमी होतो, नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

जुन्या गावठाणात दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे अद्याप आहेत. त्यांच्या पायालगत पाषाण फोडताना बसणारे हादरे ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः अशाच घरांखाली. ज्यांनी ती पहाट पाहिली आहे, त्यांना भिंतीतील तडा दाखवून ‘हा जुनाच आहे’ असे म्हणणे निष्ठुरपणाचे होते. यासाठी खोदकामापूर्वी प्रत्येक घराची पाहणी करून भिंतींची छायाचित्रे मालकाच्या समक्ष घेणे, त्याची एक प्रत त्याच्याकडे देणे आणि आधीचे तडे खुणेने नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते. यात खर्च नाममात्र असतो आणि पुढील निम्मे तंटे टळतात.

याच भूकंपाने जिल्ह्यास लोकसंपर्काचा एक आदर्शही दिला आहे. पुनर्वसन कार्यक्रमात ज्या खेड्यांचे स्थलांतर न करता घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते, तेथे शासनाने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. दोन्ही जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत हे काम चालले. अनुदानाचा हप्ता कशासाठी वापरावयाचा, भिंतीत जोडदगड कसा बसवावयाचा, तक्रार कोणाकडे न्यावयाची हे त्या घरोघरी सांगत आणि गावाचे म्हणणे तालुक्याच्या अभियंत्यांपुढे मांडत. ज्या स्त्रियांना त्यापूर्वी चावडीवर बोलण्याची मुभा नव्हती, त्या बांधकामाच्या दर्जाविषयी प्रश्न विचारू लागल्या. मलवाहिनीच्या कामासाठी गल्लीगणिक अशी एक संवाद सहायक नेमावयाची झाल्यास परदेशी उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते शहरी योजनांनी या ग्रामीण अनुभवाकडे केलेले दुर्लक्ष अनाकलनीय आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा, व तो अधिक मूलभूत आहे. जिल्हा अवर्षणप्रवण आहे. शहराला उजनी धरणाचे पाणी लांबच्या नळमार्गाने आणावे लागते आणि मराठवाड्यातील बहुतेक शहरांप्रमाणे येथेही नळाला पाणी दररोज येत नाही. भारतातील प्रचलित मानकांनुसार मलवाहिनी असलेल्या शहरात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे अशी अपेक्षा असते व त्यापैकी सु. ८० टक्के पाणी वाहिनीत येते असे धरले जाते. वाहिनीत गाळ साचू नये म्हणून प्रवाहाचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदास ०·६ मी. इतका व्हावा लागतो. माणसे साठवणीच्या पाण्यावर काटकसरीने दिवस काढीत असतील, धुण्याचे पाणी शौचालयासाठी पुन्हा वापरीत असतील, तर हा वेग मिळत नाही. मैला तळाशी बसतो, मॅनहोल तुंबतो आणि रहिवासी परस्परांना किंवा ठेकेदाराला दोष देतात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. तशा काळात मलवाहिनी कशी चालवावयाची, वरच्या टोकाच्या वाहिन्या प्रक्रिया केलेल्या पाण्याने धुवून काढावयाच्या काय, याचा आराखडा असावा व तो लोकांना सांगितलेला असावा. ‘एकदा भुयारी गटार झाले की घाण गेली’ हे आश्वासन अशा प्रदेशात कोणीही देऊ नये.

खोदकामात पाण्याचे जुने नळ फुटतात. ज्या गल्लीला काही दिवसांआड पाणी मिळते, तिची एक पाळी चुकणे म्हणजे अनेक दिवसांची ओढाताण असते. फुटलेल्या नळात चरातील घाण शिरल्यास अतिसार व कावीळ यांची साथ पसरू शकते. म्हणून पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी त्या गल्लीत खोदकाम न करणे, नळ फुटल्यास त्याच दिवशी दुरुस्ती व टँकर, आणि पाणी पूर्ववत झाल्यावर क्लोरीनची तपासणी रहिवाशांसमोर करणे हे संकेत पाळले जावेत.

कामाचे वेळापत्रक स्थानिक पंचांगाशी जुळविणे हा लोकसंपर्काचाच भाग आहे. शारदीय नवरात्रात तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांची वर्दळ, ख्वाजा शमशुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याचा उरूस, रमजान, आठवडी बाजार, लग्नसराई व परीक्षा यांच्या तारखा अभियंत्याच्या तक्त्यावर असाव्यात. सूचना मराठीबरोबर उर्दूतही द्याव्यात. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या या शहरात उर्दू जाणणारा वर्ग मोठा आहे. दवंडीची जागा आता ध्वनिक्षेपक लावलेल्या रिक्षेने व भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली असली, तरी चर खोदण्यापूर्वी आठवडाभर आणि आदल्या दिवशी असा दोनदा दारावर येऊन दिलेला निरोपच विश्वासार्ह मानला जातो. रस्त्यावरील विक्रेत्यांना हलवावयाचे असल्यास २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार तीस दिवसांची पूर्वसूचना आवश्यक असते.

जोडणी व वापर : रस्त्यातील नळ टाकून झाला की यंत्रणेचे लक्ष पुढच्या रस्त्याकडे जाते, आणि नेमकी येथेच योजना अडते. जुन्या घरांत शौचालय परसात असते. तेथून रस्त्यापर्यंत नळ आणण्यास घरातील फरशी फोडावी लागते. भाडेकरू म्हणतो मालक पाहील, मालक परगावी असतो. वाहिनी टाकतानाच प्रत्येक घरापर्यंत जोडनळ आणून ठेवणे, परस एकमेकांस लागून असल्यास मागील बाजूने सामायिक वाहिनी नेणे, जोडणीचे शुल्क घरपट्टीबरोबर हप्त्याने घेणे, हे उपाय परिणामकारक ठरतात. जोडणीनंतर जुनी सेप्टिक टाकी तशीच ठेवू नये. ती शोषक-यंत्राच्या गाडीने रिकामी करून मुरमाने भरावी. टाकीत वा मॅनहोलमध्ये माणूस उतरविणे प्राणघातक आहे व २०१३ च्या कायद्याने ते प्रतिबंधित केलेले आहे. अशा दुर्घटनेत मृत्यू आल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रु. ठरविली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख रु. करण्यात आली. सेप्टिक टाकीतील विषारी वायूस वास असेलच असे नाही आणि पहिला माणूस कोसळल्यावर त्याला काढावयास गेलेला दुसराही बळी पडतो, ही माहिती घरमालकांना जोडणीच्या अर्जासोबतच लेखी दिली जावी. कारण टाकी उपसण्यासाठी माणूस बोलावणारा बहुधा घरमालकच असतो.

वापराबाबत तीन गोष्टी पुनःपुन्हा सांगाव्या लागतात. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या व वाळू वाहिनीत जाता कामा नये. गच्चीचे वा अंगणाचे पावसाचे पाणी मलवाहिनीस जोडू नये. रस्त्यावर पाणी तुंबले म्हणून मॅनहोलचे झाकण उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अतिवृष्टीत पाण्याखाली गेलेल्या अशाच उघड्या झाकणातून पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला होता.

वैधानिक चौकट : चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनुसार (१९९२) तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक आहेत. धाराशिवसारख्या एक-दीड लाख वस्तीच्या नगरपरिषदांना हे बंधन लागू होत नाही. त्यामुळे ज्या शहरांत अभियंते थोडे व साधने तुटपुंजी, तेथेच नागरिकांशी संवादाचे कायमचे व्यासपीठ नाही, अशी विसंगती निर्माण झाली आहे. माहिती अधिकार अधिनियमाच्या (२००५) चौथ्या कलमान्वये योजनेचा खर्च, ठेकेदार, मुदत व नकाशे स्वतःहून प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात कामाच्या जागी लावलेल्या फलकावर योजनेचे नाव व मान्यवरांची छायाचित्रे ठळक असतात. नळाची खोली, व्यास, चर बुजविण्याची तारीख आणि जबाबदार शाखा अभियंत्याचा दूरध्वनी क्रमांक क्वचितच आढळतो. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून (१९९७ पर्यंतचे महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ) किंवा खाजगी ठेकेदाराकडून काम करून घेतले जात असले, तरी पुढे वाहिनी चालवावयाची असते ती नगरपरिषदेला. त्यामुळे प्रत्येक गल्लीतील वाहिनी ताब्यात घेताना तिची पाणी सोडून चाचणी रहिवाशांसमक्ष व्हावी आणि त्या चाचणीच्या नोंदीवर गल्लीतील दोन व्यक्तींच्या सह्या असाव्यात. अंतिम देयक या नोंदीशिवाय मंजूर होणार नाही अशी अट निविदेतच घातल्यास, चर बुजविण्याच्या दिवशी ठेकेदाराचा पर्यवेक्षक गल्लीत हजर राहतो.